माळ्यावरचं पातेलं

आमच्या जाऊबाई कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा करायच्या आणि मी कपबश्या विसळायचे. तोंडाने फटकळ, पण हाताला चव अशी, की साहेब लोक केबिनमधून आणखी एकेक कप मागवायचे. साहेबांचा चहा ताज्या पावडरीचा, छोट्या पातेल्यात. त्यातला चोथा मोठ्या पातेल्यात पुन्हा उकळला की झाला कामगारांचा. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पावडर उरून वाया जायची. पण जाऊबाईंचं आपलं ठरलेलं, "त्यांना काय कळतंय? गरम लागलं म्हणजे झालं."

कळत होतं. एके दिवशी लेथवरच्या टर्नरने एक घोट घेतला आणि कप काउंटरवर ठेवला. "वहिनी, आज छोट्या पातेल्यातला द्या की."

"तो तुमच्यासाठी नाही," जाऊबाई फाडकन म्हणाल्या.

झालं! त्याच्यामागच्या सगळ्यांनी कप खाली ठेवले. पगार रखडले होते, बोलेल त्याला पोलीस उचलत होते, ते सगळं माणसांनी मुकाट गिळलं होतं. हा घोट मात्र घशाखाली उतरेना. दुपारी कारखाना बंद पडला, मग गोदी, मग रेल्वे, आणि हिवाळा सरायच्या आत सरकारच गडगडलं.

टर्नर आता कारखाना चालवणाऱ्या कामगार समितीचा अध्यक्ष झाला. क्रांतीला वर्ष झालं त्या दिवशी त्याने जाऊबाईंना स्टेजवर नेलं. "क्रांतीची ठिणगी या माउलीच्या कँटीनमध्ये पडली!" टाळ्या थांबेनात आणि जाऊबाईंची मान वर होईना.

"चोथा मीच उकळत होते," त्या माइकवर म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

लोकांना वाटलं, बाई किती साधी! अध्यक्ष कानाशी लागला, "वहिनी, क्रांतीची कारणं मोठी असतात. चोथ्याचं काय घेऊन बसलात?"

घरी येताना जाऊबाई रडवेल्या झाल्या होत्या. "अगं, सरकारला शिव्या मीही घालत होते. मग मला ही बुद्धी कुणी दिली? लाज वाटते गं माझी मलाच." दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटं पातेलं माळ्यावर टाकलं. सगळ्यांना एकच चहा.

पुढे समितीची मंडळी खिडकीजवळ वेगळ्या टेबलावर बसू लागली. कामाची माणसं, घाईत असायची. त्यांचा चहा आधी जायचा, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

परवा पॅकिंगमधल्या एका बाईने घोट घेतला. खिडकीकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे, आणि कप काउंटरवर ठेवला.

मी शेगडीकडे वळले. दोन पातेली होती. जाऊबाईंच्या हातातल्या गाळणीतून चोथा मोठ्या पातेल्यात पडत होता. त्यांनी तो पाहिला आणि तोंड काळंठिक्कर पडलं.

"अगं," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे पातेलं मी खाली कधी काढलं?"

मागे काउंटरवर दुसरा कप टेकला.