कॉफीच्या खोलीतले बोंबील

चौथीनंतर मी शाळा सोडली आणि पुढची पन्नास वर्षं मासळी विकली. कॉफी हा माझ्या सुनेचा धंदा. नवीन पनवेलला तिचा गाळा आहे. पुढे चार टेबलं, मागे एक खोली. खोलीत कर्नाटकातल्या मळ्यावरून येणाऱ्या कच्च्या बियांच्या गोणी आणि बिया भाजायचं मशीन.

रोज सकाळी ती दूधसाखरेशिवाय एक कप करते, चमच्याने आवाज करत ओढते आणि चव पटली तरच दुकान उघडते. मला आधी ही थेरं वाटायची. मग गिऱ्हाइकं बघितली. चव जरा हलली की तोंडावर सांगतात. माझी गिऱ्हाइकंही कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा घेत नसत. तेव्हापासून मी नावं ठेवणं बंद केलं.

पावसाळ्याआधी मी वर्षाचे सुके बोंबील भरते. घरात ओल असते. कॉफीच्या खोलीत हवेतली ओल ओढणारं मशीन दिवसभर चालतं, तिच्याइतकी कोरडी जागा आमच्याकडे दुसरी नाही. मी बोंबील तीन पिशव्यांत बांधले आणि गोणींच्या मागे ठेवले. सुनेला विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी एक हॉटेलवाला आला. महामार्गावर त्याची तीन हॉटेलं. तिथे सुनेची कॉफी लावायची का, हे तो चव घेऊन ठरवणार होता. हे गिऱ्हाईक लागलं नाही तर गाळा सोडावा लागणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्याच्यासाठी सुनेने मागच्या गोणी त्याच सकाळी पहिल्यांदा फोडून बिया भाजल्या, आणि त्यात तिला सर्दी.

“आई, माजं नाक बंद हाय. तुमी वास घेऊन बगा.”

मी कपात नाक घातलं. “झकास हाय.”

हॉटेलवाल्याने घोट घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. कप खाली ठेवला.

“मॅडम, काहीतरी ऑफ आहे. सुक्या मासळीसारखा वास येतोय.”

सुनेने दुसऱ्या गोणीतली कॉफी केली. तोच वास.

“मळेवाल्यानं खराब माल पाठवला, सर. तुमच्यासमोर विचारते त्याला,” म्हणत तिने फोन लावला.

मी परत कप हुंगला. मला फक्त कॉफीच येत होती. आणि तिथेच मला कळलं. ज्या वासात माझा जन्म गेला, तो एकच वास माझ्या नाकाला लागत नाही.

फोनची रिंग जात होती. मी गप्प बसले असते तर शिव्या त्या मळेवाल्याने खाल्ल्या असत्या. तो काही कर्नाटकातून मला विचारायला येणार नव्हता.

“ठेव गो फोन. मागं माजे बोंबील हायेत.”

सुनेने फोन कानावरून काढला. “किती?”

“वर्षाचे.”

“आजी, कॉफीच्या खोलीत?” हॉटेलवाला म्हणाला.

“मंग काय फ्रीजमदी ठेवू? तितं हिचं दूध असतं.”

कोणी हसलं नाही. सुनेने फोन बंद केला.

“सर, आज माज्याकडं तुमाला देण्यासारकी कॉफी नाय. ह्या गोणी मी फेकणार. नवा माल आला की बोलावते.”

“बघू,” म्हणून तो गेला.

बोंबील मी त्याच दुपारी घरी नेले. सून माझ्याशी चार दिवस बोलली नाही. नवा माल आल्यावर तिने त्याला तीनदा फोन केले, तेव्हा तो आला. त्याआधी तिने एक खुर्ची बाहेर पायरीशी ठेवली.

“आई, तुमी इतं बसा.”

“माज्या अंगाला पन वास येतो काय?”

“येतो.”

मी बसले. काचेतून बघत होते. त्याने एक कप प्यायला, दुसरा मागवला, काहीतरी विचारलं, सुनेने मान हलवली. त्याच्या तोंडावरून काही कळेना. तो निघून गेल्यावर ती बाहेर आली.

“एका हॉटेलाला घेतो बोलला. बाकीच्या दोन ठिकानी नाय.”

“गाळा राहील?”

“राहील. ओढूनताणून.”

“मंग येऊ आत?”

“साबनानं हात धुऊन या.”

मी धुतले. दोनदा.