आखणीवालीचा पत्ता

मृणाली मिठागरवाल्यांची. पेणच्या खाडीवर बापासंगं उन्हात मीठ ओढत वाढलेली पोर कॉम्प्युटर शिकली आणि गणपतीच्या कारखान्यांत ‘ॲपवाली’ म्हणून नावारूपाला आली. पुंडलिकशेठच्या कारखान्याचं ॲप तिनंच बांधलेलं. मूर्ती रंगायला गावोगाव बायकांच्या घरी जात. कुठली कुणाकडे, ते सगळं फोनवर दिसे. डोळे लिहिणारीचं, म्हणजे आखणीवालीचं, नाव-गाव तर ॲपात मूर्तीच्या नोंदीपुढं टाकावंच लागे. एकीनं लिहिलेल्या डोळ्यावर दुसरीचा हात चालायचा नाही, हा शेठचा नेम. टेम्पोत बुबुळ खरवडलं की मूर्ती परत तिच्याच दारात.

नम्रता अशीच आखणीवाली. तिचा नवरा आदर्श रोह्यात घरोघर नेट जोडून द्यायचा आणि घरी येऊन हिला मारायचा. एके दिवशी ती निसटली ती जित्यात स्टेशनमागं खोली घेऊन राहिली.

“माझं नाव नको टाकू गो,” ती मृणालीला म्हणाली होती.

“अगो, ॲपातलं नाव म्हणजे कुलपातलं,” मृणाली हसली होती.

गणपती आठ दिवसांवर आले तसं कारखान्यातलं मूर्तींची स्टिकरं छापायचं मशीन अडखळायला लागलं. काय अडतंय बघावं म्हणून मृणालीनं लॅपटॉप लावला आणि फोनांतून जाणारी-येणारी माहिती न्याहाळत बसली. पडद्यावर ओळी सरकत होत्या. एका ओळीवर ती थांबली.

नम्रता. जिते. स्टेशनमागं, पिवळी खोली. चौदा मूर्ती.

लख्ख मराठीत. कुणीही वाचावं असं.

मग तिला आठवलं. पाच महिन्यांमागं त्या जुनाट मशीनला कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, बोलणं कळेना. शेठ तर डोक्यावर बसलेले. तिनं एका ओळीत अख्ख्या ॲपालाच उघडं बोलायची मुभा दिली. ‘मागाहून बंद करू,’ म्हणाली, आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून सगळी यादी ताडपत्रीविना टेम्पोतून माल न्यावा तशी फिरत होती. वाटेत ज्याचं यंत्र, त्यानं बघावी.

आदर्श रोह्याचाच. तिनं कारखान्याच्या तिथल्या गोदामातल्या प्रविणला फोन लावला.

“प्रविण, ॲप उघडू नको.”

“का गो? सकाळधरनं चालू हाय. आजच नेटवाल्यानं नवा डबा बसवलान. लॅपटॉप लावून तासभर बसला होता.”

“कोण नेटवाला?”

“आदर्श म्हणून हाय एक. जिते कुठं आलं, विचारीत होता. मी बोललो, पेणच्या पुढं, नेट जोडायला तिथवर जाता काय?”

प्रविण आपल्याच विनोदावर हसला. मृणालीनं फोन ठेवला.

तिनं आधी सर्व्हरचं उघडं दार बंद केलं. मग ॲपातली मुभा काढली, एकट्या स्टिकर मशीनपुरती तेवढी ठेवली. कारखान्यातले फोन एकदम मुके झाले.

“हितं गणपती तोंडावर नि तू धंदा बंद करतेस?” शेठ धावत आले.

“शेठ, एका बाईचा जीव हाय त्यात.”

“जीव? स्टिकरात?”

तिनं सर्व्हरच्या नोंदी उघडून बघितल्या. गोदामातल्या फोननं यादी मागवलेली होती सव्वाअकराला. आता साडेबारा वाजत आले होते. मोटरसायकलनं रोह्याहून जिते कितीसं लांब? दार लावून काय होणार होतं? आतलं तर केव्हाच बाहेर गेलं होतं.

नम्रतानं फोन उचलला. मागं रेडिओ चालू होता.

“नम्रता, आदर्शला तुझी खोली कळली असंल. आत्ताच्या आत्ता नीघ. स्टेशनावर जा, माणसांत थांब.”

“कुणी सांगितलान?”

“मी. माझ्या ॲपानं.”

पलीकडं रेडिओ थांबला. मग फोनही बंद झाला.

मृणाली स्कूटर दामटत जित्याला पोचली तेव्हा नम्रता फलाटावर कोळणींच्या टोपल्यांआड बसलेली. हाताला काळा रंग अजून ओला. तिनं नुसतं हनुवटीनं दाखवलं. रुळांपलीकडं पिवळ्या खोलीपुढं मोटरसायकल उभी होती. एक माणूस पाठमोरा, दार लाथेनं ढकलत होता.

“उभं राहन्यावरनंच कळतो,” ती पुटपुटली.

पनवेलकडची गाडी लागली. दोघी टोपल्यांच्या आडूनच चढल्या. डबा हलला, तरी मृणालीला खिडकीकडं बघवेना. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजासरशी नम्रताची बोटं मृणालीच्या मनगटात रुतत होती.

“घाबरू नको,” मृणाली म्हणाली, “पनवेलला माझी मावशी राहते, तिची खोली—”

नम्रतानं ओल्या हातानं तिचं तोंड दाबलं. समोरच्या बाकावर कुणी पेपर वाचत होतं, कुणी फोन बघत होतं.

“हितं नको बोलू,” ती तिच्या कानात म्हणाली. “उतरल्यावर. कुणी नसंल तवा.”