पहिल्या किकेचा मान

“उठेल हो. माझ्या हातून गेलेली गाडी कधी बसून राहिलीये का? तुम्ही फक्त पाय ठेवा, बाकी ती बघते.”

असं म्हणत मिस्त्रीनं हिरव्या टाकीवरून फडकं फिरवलं आणि फडक्याआडून साडूकडे चोरून बघितलं. साडूचं फरशीचं दुकान. अंगातलं कातडी जाकीट इतकं नवं, की तो वाकला की कुरकुरायचं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली मिस्त्रीच्या घरात, धाकटी साडूच्या.

मिस्त्री खोटं बोलत होता. गाडी उठणार नव्हती. तशी तजवीज त्यानंच केली होती.

ही हिरवी मोटारसायकल एका म्हाताऱ्या मास्तरांच्या खुराड्यात बारा वर्षं पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मिस्त्रीचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा. हात जरा मोकळा झाला की घ्यायची, असं तो दरवर्षी ठरवायचा, आणि दरवर्षी घराचं छप्पर तरी गळायचं नाहीतर कुणाचा तरी दात दुखायचा. मग एकदा जेवताना जीभ घसरली. साडूपुढे फुशारकी मारायची म्हणून त्यानं खुराड्यातलं रत्न सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडू टेंपोत गाडी घालून गॅरेजच्या दारात हजर. तुम्हीच उभी करा म्हणाला, तुमच्याइतकी माया दुसरं कोण करणार.

माया केली. आठ महिने केली. साडू स्टुलावर बसून बघायचा, हे काय आणि ते कशाला असं विचारायचा. टाकीवरची सोनेरी रेघ मिस्त्रीनं श्वास रोखून एका दमात ओढली, आणि रेघ संपल्यावर त्याच्या ध्यानात आलं की गाडी आपली नाही.

जुन्या गाड्यांच्या क्लबाचा एक रिवाज होता. समुद्रकाठच्या फेरीला निघताना दीपस्तंभाखाली सगळ्या गाड्या ओळीनं लावायच्या आणि प्रत्येकानं एकच किक मारायची. एका किकेत उठतील त्यांतली सर्वांत जुनी गाडी फेरीच्या पुढे. चार वर्षं हिरवी पुढे होती. मिस्त्रीही चार वर्षं ठरल्या जागी होता: सगळ्यात मागे, टेंपोत, पान्यांच्या पेटीवर, नाकातोंडात चोवीस गाड्यांचा धूर.

वर धाकटी म्हणायची, आमच्या ह्यांच्या पायालाच यश आहे. थोरली घरी येऊन ते तसंच्या तसं सांगायची. तिखटमीठ लावत नसल्यामुळे जास्तच झोंबायचं.

“पायाला यश. आणि हात काय कोंबड्यांचे लागले होते?” असं तो बायकोला विचारायचा. ती भाजी चिरत राहायची.

यंदा त्याच्या हाताला खाज सुटली. फेरीआधी हिरवी गॅरेजात आली, ती तिथूनच टेंपोत चढणार होती. आदल्या संध्याकाळी त्यानं ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवरचं झाकण काढलं. आतल्या पट्टीवर त्यानंच कानशीनं बारीक खूण कोरलेली होती; त्या खुणेवर पट्टी बसली की ठिणगी वेळेवर पडते. त्यानं पट्टी खुणेच्या जराशी पुढे सरकवली आणि स्क्रू आवळला. ठिणगी वेळेआधी पडली, की लाथ मारणाऱ्याला गाडी लाथच परत करते. घरी जाऊन तो दोन घास जास्त जेवला.

आता दीपस्तंभाखाली हिरवीची पाळी आली. साडू पुढे झाला, थांबला, गुडघा चोळला. फरश्यांचे खोके उचलून गुडघा धरला होता.

“साडू, आज किक तुम्ही मारा,” तो मिस्त्रीला म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार वर्षं मिस्त्री ज्या घटकेकडे डोळे लावून बसला होता, ती नेमकी आज आली. नको म्हणायला तोंड नव्हतं, हो म्हणायला पाय नव्हता. जुन्या गाडीला किक मारायची तर भरपूर मारावी, भीतभीत मारली की ती हमखास उलटते. हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण आत काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असलेला पाय अर्ध्यातच कचरला. फाटकन आवाज झाला, किक उलटी आली आणि नडगीवर बसली. मिस्त्री वाळूत बसला.

आधी लोकांना हसू आलं. मग क्लबाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, म्हणाले की मिस्त्रीचा हात गेला वाटतं. शेजारचा म्हणाला, माझी तर मी दुसरीकडेच दाखवणार.

तेव्हा कुठे मिस्त्रीच्या डोक्यात उजेड पडला. गाडी रुसली तर जग गाडीवाल्याला हसत नाही, मिस्त्रीचं नाव विचारतं. साडूसाठी खड्डा खणला आणि वीस वर्षांचं नाव आत ढकललं.

साडूनं उकिडवं बसून झाकण उघडलं. आठ महिने स्टुलावर बसलेला माणूस, त्याला पट्टी खुणेवरून सरकलेली दिसली. त्यानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं समुद्राकडे.

“चूक माझी,” साडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “काल मिस्त्री जरा बाहेर गेले होते, तेवढ्यात मी आत स्क्रू ड्रायव्हर घातला. नको तिथे शहाणपणा.”

लोक त्याला हसले, पाठ थोपटून पांगले. मिस्त्रीला नडगीपेक्षा हे लागलं. गाडी ह्याची, मान ह्याचा, आता मोठं मनही ह्याचंच. निदान पाप तरी आपल्या नावावर राहायचं होतं, तेही उचलून नेलं.

“दुखतंय का?” साडूनं हळूच विचारलं.

“नाही.”

“खूण तुम्हीच कोरलीये. मला दिसते ती.”

“दिसते तर टॉर्च धरा नीट,” मिस्त्री म्हणाला.

सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून, पट्टी मागे सरकवत त्यानं तो हलक्या हातानं ओढला. कागद सुटला तिथे खूण जुळली. साडूनं दुखऱ्या पायानं किक मारली, हिरवी एका दमात उठली. पण पहिली किक हुकलेली, म्हणून ती शेवटी, टेंपोच्या अगदी पुढ्यात.

मिस्त्री पेटीवर नडगी धरून बसला. वळणावळणावर ती सोनेरी रेघ उन्हात चमकायची. सायलेन्सरचा ठोका असा एकसारखा, की एकही चूक काढता येईना. कुठे तरी चुकावा म्हणून तो कान लावून ऐकत होता.

तिसऱ्या पुलावर डॉक्टरांच्या गाडीची साखळी तुटली. टेंपो थांबला. मिस्त्री लंगडत उतरला.

“जमेल ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“सरका तिकडे,” म्हणून त्यानं पक्कड मागवली आणि साखळीला हात घातला.