सासूला खोटं पाडलं तेव्हा

माझ्या मोठ्या बहिणीच्या सासूला मी माफ केलं नाही. आजही नाही.

आमच्या नागभीडकडे सुनेची परीक्षा रोवणीत होते. बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत धान रोवतात. त्यामुळे जी रेंगाळते ती एकटीच पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उरते. बहीण तशी उरायची, कमरेवर हात ठेवून धापा टाकत. आडवं होणं तर तिला जमतच नसे, धान साठवायच्या ढोलीला टेकून बसल्या बसल्या झोपे. सासूने तिला कामचोर ठरवलं आणि भर रोवणीत, गावादेखत, आमच्या दारी आणून सोडलं.

मी तेव्हा नागपूरला डॉक्टरी शिकत होतो. त्या पावसाळ्यातच सरांनी थकलेलं हृदय शिकवलं. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने हृदयाची झडप आकसते, रक्त फुप्फुसात तुंबतं, आडवं झालं की दम कोंडतो, पुढे पाय सुजतात. मला वाक्यागणिक बहीण दिसत होती. आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार तिला वाचवायचा आला नाही, सासूला खोटं पाडायचा आला.

बहिणीला नागपूरला आणलं. सर्जननी छाती उघडून, चालत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी केली. काही दिवसांत ती पाठ टेकून सपाट झोपली. मी खाटेपाशी बसून सासूला ऐकवायची वाक्यं जुळवत होतो.

पुढच्या रोवणीआधी सासू लुगडं घेऊन तिला न्यायला आमच्या घरी आली. मी तिला ओसरीवरच अडवलं. पुस्तकातलं चित्र दाखवून झडप, तुंबलेलं रक्त, सूज, सगळं सुनावलं. वर म्हणालो, "मरायले टाकली होती तुमी तिले."

म्हातारीची मान खाली गेली. इतकं गोड वाटलं की विचारू नका.

बहिणीने लुगडं परत दिलं, येणार नाही म्हणून सांगितलं. सासू दिसेनाशी झाल्यावर ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता.

"ते तं अडानी होती. तू डॉक्टरी शिकून राह्यला होता. दिवाळीनंतर आमच्या गावच्या जत्रेले, मंडईले आला तवा मी तुले सांगतलं, लेटलं का दम कोंडते. तू म्हनला, बाई, तुले नांदायचं नाई म्हनून सोंग करून राह्यली तू."

मला ते काही केल्या आठवेना. तिला शब्दन् शब्द पाठ होता.