आतोबांची हरकत

मंडणगडापासून राजापुरापर्यंत आमच्या आतोबांइतका भांडखोर माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर पहिला मान कुणाचा यावरून आतोबा त्याच्याशी भांडतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. छत्री त्यांच्या काखेत बारा महिने असे, पण उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसातसुद्धा मिटलेलीच, कारण उघडी छत्री कुणावर रोखता येत नाही. शेजाऱ्याच्या फणसाची एक फांदी त्यांच्या परसात वाकली होती. तिच्यावरचे फणस कुणाचे, यावर ते वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, जिंकले, आणि त्याच संध्याकाळी सगळे फणस गड्याच्या डोक्यावर देऊन शेजाऱ्याकडे पाठवून दिले. "भांडण हक्काचं होतं. फणस मला बाधतो," म्हणाले. म्युनिसिपालिटीत ते मेंबर. ठराव वाचायला कुणी घसा खाकरला की यांचं "माझी हरकत आहे" तयार. एकदा सभेने त्यांचे आभार मानले, तर त्यालाही हरकत. बाकीचे मेंबर त्यांना इतके विटले होते की आतोबा नको म्हणाले की ते डोळे मिटून हो म्हणत.

अशात प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले आणि आमची आळी घरांना कुलपं लावून गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, झावळ्यांच्या झोपड्यांत राहायला गेली. घरमालकांना लाज नव्हती. आजही मी हेच म्हणतो. बंद घरांचं भाडं त्यांनी सोडलं नाही. मी तेव्हा पत्रकं काढायला लागलो होतो. "ज्या घरात उंदीरसुद्धा जगत नाही, त्या घराचं भाडं माणसाने का भरावं?" असं मी छापून वाटलं. अखेर म्युनिसिपालिटीने ठराव केला: प्लेगमुळे ज्यांची कमाई बुडाली त्यांचं भाडं साथ ओसरेपर्यंत म्युनिसिपालिटी भरील, आणि सड्यावर घासलेट आणि पाणीही देईल. मी लगेच दुसरं पत्रक काढलं, "या, मागा, हा तुमचा हक्क आहे!" एक माणूस गेला असेल तर शपथ. आमच्या लोकांना उपाशी राहता येतं, मागता येत नाही. आतोबांच्या शेजारच्या खाणावळवाल्या काकूंनी तर माझ्या पत्रकाने चूल पेटवली. "छान पेटतं हो तुझं लिखाण," म्हणाल्या.

या काकू एकट्याच. कचेरीतल्या कारकुनांना जेवू घालून पोट भरणाऱ्या. कारकून पांगले, खाणावळ बंद पडली, आणि मालकाचा निरोप आला की भाडं द्या, नाहीतर भांडी रस्त्यावर येतील. काकूंनी ठरवलं की घरात परत जायचं आणि चूल मांडायची. उरलेसुरले चार जण तरी जेवायला येतील. शेजारच्या घरात अजून उंदीर पडत होते. मी हातापाया पडलो. "गाठ आली तर मला येईल," काकू म्हणाल्या, "पण म्युनिसिपालिटीच्या दारात पदर पसरायची नाही." आणि त्यांनी भांड्यांचं गाठोडं बांधून दारात ठेवलं.

सकाळी आतोबा झोपड्यांच्या मधोमध उभे राहिले, काकूंच्या दारावर छत्री रोखून.

"या बाईंना मदत मिळणार नाही! खाणावळ हा धंदा आहे. धंदेवाल्यांचा हक्क नाही!"

काकू डाव घेऊन बाहेर आल्या. "का नाही हो, मेंबर? माझ्या भाड्यातूनच मालक तुमची घरपट्टी भरतो ना? तुमचे रस्त्यावरचे दिवे काय आकाशातून पेटले?"

"बोलायला सोपं आहे. अर्ज करायची छाती आहे का?"

"आत्ता करते! ए पत्रकवाल्या, लिही रे!"

मी लिहिलं. काकूंचा अपमान झाला म्हणून मग अख्ख्या सड्याने अर्ज केले. भांड्यांचं गाठोडं सुटलं आणि साथ ओसरेपर्यंत काकू सड्यावरच राहिल्या.

संध्याकाळी मी आतोबांना गाठलं. "तुम्ही गरिबांचे वैरी आहात! ठरावालाही तुम्हीच हरकत घेतली होती."

"अलबत! मी बरं म्हटलं असतं तर पास झाला असता का तो?"

मी म्हणालो, "हे मी काकूंना सांगतो."

"खबरदार!" छत्री माझ्या छातीवर आली. "तिला दया दिसली तर पैसे फेकून त्या घरात जाईल. शिव्या देऊ दे. शिव्या देणारं माणूस जिवंत असतं."

पुढच्या निवडणुकीत काकू आतोबांविरुद्ध दारोदार फिरल्या. आळीने आतोबांना सपाटून पाडलं. आतोबा ओटीवर बसून समाधानाने सुपारी कातरत होते.

नंतरच्या एका थंडीत त्यांना तापाने धरलं. अन्न सोडलं. आत्या वाटी घेऊन बसे. ते भिंतीकडे तोंड करत. आतोबा कशालाच हरकत घेत नाहीत हे पाहून आम्ही घाबरलो. तेव्हा काकू पेजेचं पातेलं घेऊन अंगणात आल्या आणि आत न येताच ओरडल्या, "या मेंबरांना माझी पेज मिळायची नाही! त्यांचा काही एक हक्क नाही!"

आतोबांनी डोळे उघडले.

"का नाही? इतकी वर्षं तुमच्या चुलीचा धूर माझ्या ओटीवर येतोय, त्याचं काय?"

"धुराचा कसला आलाय हक्क?"

"दाखवतो!" म्हणून ते उठून बसले आणि आत्याने अंगणातून भरून आणलेली पेजेची वाटी तोंडाला लावली. अंगणात काकू पदराने पातेलं पुसत राहिल्या, मग डोळे.

ते भांडण आतोबा जिंकले. त्यानंतरचं एकही भांडण त्यांना जमलं नाही. फाल्गुनात ते गेले. आळी आता शांत आहे, आणि ही शांतता मला पटत नाही. मालक तेच, भाडं तेच, मी पत्रकंही तशीच काढतो. काकूंच्या चुलीचा धूर अजून रोज त्या ओटीवर जातो. हरकत घ्यायला तिथे कुणी नसतं.