दोरीवरचं संगमनेर

गेल्या मंगळवारी शाळेत शिकवून घरी आले, तर गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल आणि परकरांच्या मधोमध चाळीसच्या दशकातलं संगमनेर वाळत घातलेलं...

आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या वाचनालयात गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं चाललंय आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. वाचनालयाच्या जुन्या सभासद मालूताई, त्यांचे वडील आप्पा त्या काळी इथे फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांच्या निगेटिव्हची डबी मालूताईंनी मोठ्या विश्वासानं माझ्या हातात दिली होती. बाकी सगळं वाळवीनं खाल्लं, आप्पांचं एवढंच उरलंय, म्हणाल्या होत्या.

प्रवरेचा पूर, रेशनच्या कापडासाठी लागलेली रांग, विड्या वळणाऱ्या बायका, स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळची प्रभातफेरी... युद्धामुळे फिल्म मिळायची मारामार, तरी आप्पांनी हे सगळं टिपून ठेवलं होतं. आणि ते आता प्लास्टिकच्या चिमट्यांना लटकत होतं.

सासूबाई आत शांतपणे लसूण सोलत बसल्या होत्या. मी नुसतंच गॅलरीकडे बोट दाखवलं.

"अगं, तूच म्हनलीस ना काल फोनवर कुणाला तरी, फोटो धुवायचे राहिलेत म्हनून. तुला कुठं येळ हाय? टेबलावरच्या डबीत दिसले, म्या टाकले धुऊन."

निगेटिव्हवरून फोटो काढून आणायला आपण सगळेच 'धुवून आणणं' म्हणतो. सासूबाई राजूर गावच्या, शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या... धुवायचे म्हटलं की धुवायचे.

साबण लावला का, एवढंच कसंबसं विचारलं. नाही म्हणाल्या. जुनी वस्तू, रंग जाईल, म्हणून नुसत्या गार पाण्यातून काढले होते. चोळलेही नव्हते. देवच पावला म्हणायचं!

वाळेपर्यंत मी गॅलरीत कबुतरं हाकत बसून राहिले. मग भीत भीत एकेक निगेटिव्ह उजेडात धरली. पूर होता. रांग होती. प्रभातफेरी होती... शेवटच्या निगेटिव्हपर्यंत सगळं जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या फोटोग्राफरला दाखवल्या. एक ओरखडा नाही, उलट वर्षानुवर्षांची धूळ निघाली, म्हणाला. जीव भांड्यात पडला.

तरी मालूताईंना सांगणं भाग होतं. फोनवर सगळं सांगून टाकलं. वर माफीही मागितली.

"अगं, आमच्याकडे हे काम आईच करायची," त्या म्हणाल्या.

मग बोलतच राहिल्या. तेव्हा घरात नळ नव्हता. आप्पांचं अंधाऱ्या खोलीतलं काम झालं की पुढचं धुणं मालूताईंच्या आईचं, सरूबाईंचं. नदीचं पाणी आणून फडक्यातून गाळायचं. उन्हाळ्यात माठातलं वापरायचं, कारण पाणी कोमट असलं की फिल्मवरचं चित्र सुटून यायचं. मग लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत घालायचं. हात सदा पाण्यात, बोटांना चिरा पडलेल्या.

"स्टुडिओच्या पाटीवर नाव आप्पांचं. आईचं कुणी विचारलंच नाही गं... मीसुद्धा नाही."

फोटोंखालच्या पट्ट्या छापायला गेल्या होत्या, त्या थांबवल्या. आता प्रत्येक फोटोखाली दोन नावं येणार आहेत. फोटो काढला आप्पांनी, धुतला सरूबाईंनी.

सासूबाईंना एवढंच सांगते: आई, तुम्ही तो घोळ घातला नसतात तर सरूबाई आम्हाला कधी कळल्याच नसत्या. मनापासून थँक्यू... पण यापुढे माझ्या टेबलावरचं काही धुवायला घेऊ नका, प्लीज!