मिस्त्रीच्या मापाची गाडी

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यासमोरचा फुटपाथ. शेडमध्ये गाडी मावायची एकच, आणि ती जागा तीन वर्षांपासून मेहुण्याच्या जुन्या गाडीनं अडवून ठेवलेली. बाकी गिऱ्हाइकांची कामं फुटपाथवर. उन्हात पाठ भाजून घ्यायची, पाऊस आला की ताडपत्री ताणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांमधून आपले पाने गोळा करायचे.

शेजारचा टायरवाला हसायचा. "मिस्त्री, म्हातारी आत पंख्याखाली आणि तुम्ही बाहेर उन्हात. घर नक्की कुणाचं आहे?"

"तिच्या मालकाचं," मिस्त्री म्हणायचा.

ते खरंच होतं. शेडही मेहुण्याचीच होती.

मेहुणे म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. मिस्त्रीच्या हाताला स्वतःचं काम नव्हतं तेव्हा दादांनीच ही शेड उघडून दिली होती. भाडं त्यांनी कधी मागितलं नाही, आणि आपण ते मागत नाही हे कधी विसरूही दिलं नाही. ते एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले आणि वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असं त्यांच्या मनानं घेतलं. गोल दिवे, चकचकीत बंपर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. वडील गेल्यापासून ती आवारात कव्हराखाली पडून होती.

"जावईबापू," दादा म्हणाले, "बाहेरून बाबांची राहू द्या, आतून आजची करा. इंजिन नवं, स्प्रिंगा नव्या. बसलं की गादीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

'जावईबापू' ते गमतीनं म्हणायचे, पण त्या गमतीत हुकूम असायचा. मिस्त्रीनं मान डोलावली. खोटं कशाला सांगायचं, त्यालाही हुरूप आला होता. असं काम आयुष्यात एखादंच हाताला लागतं.

अपघातात ठोकलेल्या एका नव्या गाडीचं धडधाकट इंजिन आणलं. जुनं उचलून कोपऱ्यात ठेवलं, नवं साखळीला लावून खाली सोडलं, तर त्याचं ऑइलचं चेंबर पुढच्या आडव्या बीमवर जाऊन टेकलं. इंजिन मागे सरकवायचं तर इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधला पत्रा आडवा. पत्रा कापून मागे घेतला, तर ड्रायव्हरच्या पायाशी जागा उरेना. पुढचे धक्के झेलणारे जुने पाटे काढून स्प्रिंगा आणि शॉकअप बसवले, तर स्टिअरिंगचा दांडा त्यांना घासायला लागला, तो वाकड्या वाटेनं फिरवून आणावा लागला. एक सोडवलं की दुसरं अडे.

पण मिस्त्रीची रीत पक्की. आधी पुठ्ठ्याचं माप. मग वेल्डिंगचे नुसते टाके. मग गाडी चाकांवर उतरवायची, सीटवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवायच्या, आणि सगळं जागच्या जागी बसलं तरच पूर्ण वेल्डिंग. हवेत लटकलेल्या गाडीचं माप खरं नसतं, हे त्याच्या उस्तादांनी त्याला कान पिळून शिकवलं होतं. उस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. ज्यानं गाडी उघडली त्यानंच ती बंद करायची. अर्धी उघडलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही.

या दुसऱ्या गोष्टीनंच त्याला बांधून घातलं होतं.

कारण दादा ती गाडी बंद होऊ देत नव्हते. इंजिन बसलं तेव्हा दादा शेडमधल्या आपल्या रोजच्या खुर्चीत बसून म्हणाले, "एसी पाहिजे हो. आजकाल एसीशिवाय कोण बसतं?" एसी बसला तेव्हा म्हणाले, "स्टिअरिंग जड वाटत असेल. पॉवरचं करा." ते झालं तर मागच्या स्प्रिंगा कडक वाटल्या. त्यांनी बसून पाहिलं, ते मागच्या सीटवर.

"पुढे बसून बघा ना दादा," मिस्त्री म्हणायचा. "पेडल आणि सीटचं माप घ्यायचंय."

"तुम्हीच बसा हो. माझी पँट खराब होईल."

मग मिस्त्री स्वतः बसायचा, पाय ठेवायचा, खडूनं खूण करायचा. असं किती वेळा झालं त्याचा त्यानं विचारही केला नाही. काम पुढे जात होतं ना, मग झालं.

अशात एक दिवस वायरमन आला. दोघं एकाच उस्तादांकडे शिकलेले. वायरमननं मोठ्या रस्त्यावर नवं वर्कशॉप घेतलं होतं. तिथं गाडी वर उचलायची लिफ्ट होती, वर पक्कं छत होतं. "पाठीवर झोपून काम करायचे दिवस संपले रे," तो म्हणाला. "तू इंजिनाचं बघ, मी वायरिंगचं. पण पहिल्या तारखेला ये. तोवर जागा ठेवतो. पुढे दुसरा माणूस बघावा लागेल."

मिस्त्रीनं मागे शेडकडे पाहिलं. गाडीचं बॉनेट उघडंच होतं.

"मालकीणबाई अजून माहेरी आहेत वाटतं," वायरमन गाडीकडे बघून म्हणाला आणि हसला. मिस्त्रीला हसू आलं नाही.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"जायलाच पाहिजे तुम्ही," ती म्हणाली. मग पुढची घडी उचलत, "पण दादाला दुखवू नका हं."

"दोन्ही कसं जमेल?"

"ते मला काय विचारता? गाडी तुम्ही उघडलीत."

आता बायकोसुद्धा उस्तादांच्या भाषेत बोलायला लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीनं फुटपाथवरची कामं टायरवाल्याच्या ओळखीच्या गॅरेजकडे वळवली आणि शेडमध्ये ठाण मांडलं. दादांनी खुर्ची पुढे ओढली. "दारांची रबरं बदलायला हवीत, जावईबापू." मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला, "बदलली." "घड्याळ बंद आहे बाबांचं." "चालू केलं." "हॉर्नचा आवाज…" "दादा," मिस्त्री सरपटत बाहेर आला, तोंडाला काळं लागलेलं, "पहिल्या तारखेपासून मी दुसरीकडे जाणार आहे. त्याआधी ही तुमच्या ताब्यात देतो."

दादा खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "बघा बुवा. घाई केलेली बाबांना आवडायची नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी गाडी शेडबाहेर आली. टायरवाल्यानं तोंडातली शिट्टी अर्धवट सोडली. इंजिन इतकं शांत की पुढे उभं राहिलं तरी कळू नये. मिस्त्रीनं ड्रायव्हरचं दार उघडून धरलं.

"बसा दादा."

दादा हलले नाहीत. रस्त्यावरचे दोघं-तिघं बघत होते. मग ते वाकले आणि आत शिरले. दादा उंच, मिस्त्री बुटका. दादांचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. पाय पेडलवर ठेवायचा तर गुडघा स्टिअरिंगच्या चाकात, गुडघा काढायचा तर पाय हवेत. सीट मागे सरकेना. मिस्त्रीनं ती पट्ट्या वेल्ड करून पक्की केली होती, स्वतः बसून, खडूच्या खुणांवर.

दादांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "बघा!" ते कसेबसे बाहेर निघत म्हणाले. "ही तुमच्याच मापाची झाली की! मी म्हणतच होतो. मला काय, मी मागे बसणारा माणूस. सकाळी तुम्ही मला बँकेत सोडायचं, संध्याकाळी फिरवून आणायचं. तुमच्याशिवाय हिला हात कोण लावणार?"

ते मागचं दार उघडून बसलेसुद्धा.

मिस्त्री तिथंच उभा राहिला. तीन वर्षं गाडी पुरी झाली की आपण सुटलो, असं तो धरून चालला होता. आणि पुरी झालेली गाडी त्याच्याच अंगाच्या मापानं शिवलेली होती, दुसरं कुणी आत मावत नव्हतं. स्टिअरिंगची उंची त्याची, पेडलचं अंतर त्याचं, आरसासुद्धा त्याच्या डोळ्यांना लावलेला. त्यानं स्वतःच्या हातानं, इतक्या मन लावून, टाका न चुकवता स्वतःसाठी पिंजरा केला होता.

तो ड्रायव्हरच्या जागी बसला, कारण रस्त्यात गाडी आडवी उभी होती आणि मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. सीट त्याला अगदी नीट बसली. मागून दादा सांगत राहिले, "डावीकडे घ्या. आता सरळ. वा, काय स्प्रिंगा लावल्यात!" खड्डा आला तरी पोटातलं पाणी हललं नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि मिस्त्रीला दार उघडून चालत्या गाडीतून उतरावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"एक सांगू? दादाला येत नाही."

"काय येत नाही?"

"गाडी. तो कॉलेजात होता तेव्हा एकदा काढली होती बाबांना न विचारता. फाटकाच्या खांबावर घातली. बाबांनी सगळ्या गल्लीसमोर कानाखाली मारली आणि म्हणाले, यापुढे तू मागे बसायचं. तेव्हापासून मागेच बसतो. कचेरीची गाडी होती, ड्रायव्हर होता, कुणाला कळलंच नाही."

"आणि तू मला आता सांगतेस?"

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. मग उठता उठता, "पण तुम्हीपण माझेच आहात. उद्या बसनं वर्कशॉपला जा."

पहिल्या तारखेला सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून शेडसमोर उभे होते. मागचं दार उघडून. "चला जावईबापू. बँक उघडेल."

मिस्त्रीनं खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"दादा, मी कामावर निघालोय. गाडी मी अर्धी सोडणार नाही, तुम्हाला माहीत आहे. रविवारी येतो, सीटच्या पट्ट्या कापून मागे घेतो, स्टिअरिंग वर उचलतो. पण माप तुमचं लागेल. तुम्ही पुढे बसलात तरच पाना हातात घेईन."

"आणि नाही बसलो तर?"

"तर माझ्या लेखी ती बंद झाली."

"शेड माझी आहे हे विसरलात वाटतं."

"नाही विसरलो. माझं सामान मी कालच आवरलंय."

दादा लालबुंद झाले. काहीतरी बोलणार होते, पण टायरवाला हातातलं काम टाकून ऐकत उभा होता. मिस्त्री बस थांब्याकडे चालू लागला. मागे वळून बघावंसं त्याला फार वाटलं. त्यानं बघितलं नाही. बसमध्ये जागा मिळाली नाही, तो वर्कशॉप येईपर्यंत दांड्याला धरून उभा राहिला.

आठवडाभर दादांकडून निरोप आला नाही. बायको भावाकडे दोनदा जाऊन आली. लिफ्टखाली उभं राहून काम करताना मिस्त्रीची पाठ दुखत नव्हती आणि त्याचंच त्याला चोरट्यासारखं वाटत होतं.

रविवारी तो शेडमध्ये गेला तेव्हा दार उघडं होतं. दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, गुडघे आखडून, एक पाय दाराबाहेर. अंगात जुनी पँट होती.

मिस्त्रीनं टेप काढली. खाली बसून त्यानं त्यांच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. दादा समोरच्या काचेतून बाहेर पाहत होते. तीन वर्षं खुर्चीत बसून गिअरबॉक्सवर व्याख्यानं देणारा माणूस.

मग ते हळूच म्हणाले, "जावईबापू, यातला क्लच कुठला?"

मिस्त्री हसला नाही. त्यानं दादांचा डावा पाय घोट्याशी धरला, उचलला आणि पेडलवर ठेवला.

"हा," तो म्हणाला. "पण इथं नाही, चार बोटं पुढे पाहिजे. पाय असाच ठेवा, मी खडू आणतो."